भित्र्या बाईची प्रार्थना

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर मार्था दाविद कसबे या बाईंचा. सोलापुरात नर्सेसच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाक करत. मी त्यांना मावशी म्हणत असे. माझ्या आईच्या त्या सख्ख्या बहीण नव्हत्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत दोघी चौथीपर्यंत एका बाकावर बसल्या होत्या, एवढंच नातं. त्या नात्याच्या जोरावर मी त्यांच्या घरी राहून बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकलाही बसलं नव्हतं.

मार्च आला की मावशी आठवतात. यंदाही आठवल्या. परीक्षेच्या हॉलमध्ये मी पर्यवेक्षक म्हणून बाकांमधून फिरत होतो. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या आणि सगळ्या हॉलने एकदम पान उलटल्याचा तो आवाज आला. परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत त्यांना तो आवाज सांगावा लागत नाही. खिडकीजवळच्या बाकावर एका मुलीने तळहात ओढणीला पुसला. पेन धरलं, खाली ठेवलं, पुन्हा तळहात पुसला. तिने वर पाहिलं तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली. त्या वेळी कुणी आपल्याकडे पाहू नये असं वाटतं, हे मला माहीत आहे. माझा स्वतःचा हात खिशात गेला होता आणि रुमाल चाचपत होता.

सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा. सोलापूरचं ऊन मार्चमध्येच पांढरं होतं. दुपारी डांबर चपलेला चिकटायचं. गिरणीचा भोंगा झाला की रस्त्यावरून सायकलींचा लोंढा जायचा, आणि तो ओसरला की पलीकडच्या गल्लीतल्या मागांचा खटखटाट पुन्हा ऐकू यायचा. त्या खटखटाटाच्या तालावर मी इतिहास पाठ करत असे. मावशींचं घर म्हणजे चर्चच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. खिडकीला ओलं गोणपाट, कोपऱ्यात माठ, भिंतीवर क्रूस आणि त्याखाली माझ्या पुस्तकांची फळी. बाहेर कडुनिंब फुलायचा. आजही कुठे त्याचा कडवट गोड वास आला की माझे तळवे ओलसर होतात. लोकांना तो वास वसंताचा वाटतो. मला तो प्रश्नपत्रिकेचा वाटतो.

मावशी भित्र्या होत्या. हे मी प्रेमाने म्हणतो, आणि त्यांच्यासमोरही म्हणत असे. पाल, वीज, स्टोव्हचा भडका, दारात आलेला तारवाला, सगळ्यांची त्यांना भीती. नवी पेठेत रस्ता ओलांडायचा झाला की त्या माझ्या शर्टाची बाही धरत, आणि दूर कुठे टांगा दिसला तरी थांबत.

"जाऊ दे त्याला पुढं."

"मावशी, तो उभा आहे. गिऱ्हाइकाची वाट बघतोय."

"उबा हाय तर निगंल की कवातरी."

बायबलच्या शुभवर्तमानात एक मार्था आहे, कामाच्या काळजीने त्रासलेली. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पंच, नवी पेठेत शिवणकामाचं दुकान असलेले शांतवनकाका, म्हणायचे, "बाप्तिस्म्याला नाव ठेवताना तुमच्या बापाला पुढचं सगळं दिसलं होतं." मावशी हसायच्या. दर वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत बायबलातला शास्त्रपाठ वाचायला पाळकसाहेब त्यांना सांगत, आणि दर वर्षी त्या पदर तोंडाशी नेऊन म्हणत, "साहेब, माझ्याकडनं भाकऱ्या करून घ्या. उबं ऱ्हायला सांगू नका."

प्रार्थना मात्र त्यांची दिवसभर चाले. गुडघे टेकून करायची ती वेगळी. ही भाकरी थापताना, नळाखाली घागर लावताना, चपलेचा अंगठा तुटल्यावर चालायची. आमच्या चर्चमध्ये वडीलमंडळी देवाशी छापील मराठीत बोलत. मावशी त्याच्याशी शेजारणीशी बोलावं तसं बोलत. "बापा, आज डाळ पुरंल न्हवं? नव्या पोरी आल्यात, लई खात्यात. तूच बग." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, त्या माझ्याशी बोलताहेत. मी म्हणालो, "पुरेल की मावशी." त्या म्हणाल्या, "तुला न्हाय इचारलं."

ते माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष, आणि माझ्यापुढे एकच गोष्ट होती, पास होणं. माझे वडील, आमचे दादा, केम स्टेशनवर रेल्वेच्या गँगमध्ये होते. रूळ उचलायचे, खडी सारायची, उन्हात मैलोन्‌मैल चालायचं. पुढच्या जूनमध्ये माझी धाकटी बहीण एस्तेर शिकायला सोलापूरला यायची होती. मावशींच्या घरात जागा एकाची आणि दादांच्या पगारात शिक्षण एकाचं. दादांनी मला स्टेशनच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, "यंदा झालास तर झालास. पुढलं साल एस्तेरचं. न्हाय झालास तर साहेबाला सांगून गँगमधी नाव लावतो. त्यात कमीपणा न्हाय." त्यात कमीपणा नव्हता. मला ते माहीत होतं. पण हे सांगताना दादा माझ्याकडे बघत नव्हते, रुळांकडे बघत होते, आणि त्यांना माझ्यासाठी ते नको होतं हेही मला माहीत होतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये झावळ्या घेऊन गात फिरलो, आणि सोमवारी माझा पहिला पेपर होता. बाकीचे पेपर ईस्टरनंतरच्या सोमवारपासून. पहिल्या पेपराला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. प्रश्न येत होते. उत्तरं डोक्यात ओळीने उभी होती. पण पेन धरलं आणि हात कापायला लागला. तळव्याला घाम सुटला, घाम कागदावर उतरला, शाई पसरली. मी टीपकागद ठेवला, तोही भिजला. मग अक्षरं मला माझी वाटेनात. छाती एवढी धडधडायला लागली की शेजारच्या मुलाला ऐकू जाईल असं वाटलं. शेवटचे दोन प्रश्न तसेच सोडून मी वेळेआधी उठलो. बाहेर झाडाखाली मुलं उत्तरं ताडून बघत होती. मी भिंतीच्या कडेकडेने निघून आलो.

संध्याकाळी शेंगाची चटणी आणि भाकरी ताटात तशीच राहिली तेव्हा मावशींनी विचारलं. मी सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की पुढच्या पेपरांना मी बसणार नाही. पुन्हा त्या खोलीत जाऊन बसायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. मावशी उठल्या. माझं ताट झाकून ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असे. चटयांवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. आमच्याकडची पद्धत अशी की पाळकसाहेब आधी विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" मग ज्याची जी काळजी असेल ती तो सांगतो. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसतं, कुणाचा नवरा पिऊन येत असतो, कुणाला गिरणीतून कमी केलेलं असतं. सगळी मंडळी त्या नावासाठी प्रार्थना करतात. लहानपणापासून मी ते ऐकत आलो होतो. पण ते दुसऱ्यांचं असायचं.

बायकांच्या बाजूने मावशींचा आवाज आला. त्यांनी डोळे मिटले होते आणि पदर कपाळापर्यंत ओढला होता.

"पाळकसाहेब, आमच्या शमूचं. पेपराला बसला की त्याचे हात कापत्यात. घाम येतोय, शाई पसरती. सोमवारी पेपर अर्धा टाकून आला. म्हनतोय, आता बसतच न्हाय."

सगळ्या माना वळल्या. मी चटईच्या काडीकडे बघत राहिलो. मग शांतवनकाकांनी प्रार्थना केली, आणि ती त्यांच्या पद्धतीने केली. "हे दयाघन स्वर्गीय पित्या, तुझा दास शमुवेल याचे कंपायमान हस्त तू स्थिर कर. त्याचे घर्मबिंदू तू पुसून टाक." पाठीमागे एक नर्स मुलगी खुदकन हसली आणि मग खोकली. 'आमेन' मोठ्याने झालं. इतक्या मोठ्याने त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणासाठी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याने चालू शकत नव्हतो. जो तो उपाय सांगत होता, ताक पी, तळव्याला राख लाव, पेनाला सुतळी गुंडाळ. वसतिगृहाच्या फाटकात एक मुलगी म्हणाली, "शमुवेलभाऊ, नाडी बघू का?" नवी पेठेतून मान खाली घालून जात होतो तर शांतवनकाकांनी मशिनवरूनच हाक मारली.

"इकडं ये. हात दाखव."

"काका, मला घाई आहे."

"अरे, माझ्या लग्नात माझा हात असा कापत होता की अंगठी करवलीच्या बोटात जायची. पाळकसाहेबांनी मनगट धरलं म्हणून संसार झाला. विचार तुझ्या काकूला."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. काकांनी वाईट मनाने म्हटलं नव्हतं. आज मला ते कळतं. त्या दिवशी मला वाटलं, जमीन दुभंगावी.

घरी आलो तेव्हा मावशी सूप घेऊन डाळ निवडत होत्या.

"मावशी, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत."

"मी देवाला सांगितलं. मानसं ऐकत हुती, त्याला मी काय करू?"

"देवाला घरात सांगता आलं नसतं? त्याला इथलं ऐकू येत नाही?"

"त्याला येतंय की." त्यांनी सूप हलवलं. "पर मी एकटी पडते रं. माझी प्रार्थना म्हंजी निम्मी काळजीच. दोन राती डोळा न्हाय लागला. धा जनांनी धरलं तर वझं उचलंल असं वाटलं."

"पण ती माझी गोष्ट होती."

"व्हय. तुझी हुती."

एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं. पण मी म्हणालो, "डोळे मिटून, पदर घेऊन, खाली बसून बोलणं सोपं आहे. मला तिथे डोळे उघडे ठेवून एकट्याने बसायचं असतं. एकदा चार माणसांसमोर उभ्या राहून बघा, मग कळेल."

मावशींनी डाळीतला खडा उचलला, बाजूला ठेवला. "ते मला जमत न्हाय," त्या म्हणाल्या. मग सूप पाखडायला लागल्या.

मी ट्रंक भरली. शनिवारच्या सकाळच्या पॅसेंजरने केमला जायचं, दादांना तोंडावर सांगायचं, असं ठरवलं. दादांना काय सांगायचं ती वाक्यं मी मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याशी ते रुळांकडे बघत होते.

उत्तम शुक्रवारची उपासना भर दुपारी असते. बाराला सुरू होते ती तीनपर्यंत. चर्च भरलेलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत, हातात पुठ्ठ्याचे पंखे. वेदीवरची फुलं त्या दिवशी काढलेली असतात. मी मागच्या बाकावर बसलो होतो, कुणी बोलू नये म्हणून. पहिलं गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, "शास्त्रपाठ, मार्थाबाई."

मला वाटलं, नाव चुकलं. पण बायकांच्या बाजूने मावशी उठल्या. इस्त्रीची पांढरी साडी, पायात चपला नाहीत. मधल्या वाटेने त्या चालत गेल्या. मी त्यांना इतक्या हळू चालताना कधी पाहिलं नव्हतं. पुस्तक ठेवायच्या लाकडी चौकटीला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, आणि सगळ्या चर्चमध्ये एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या लाकडावर वाजत होत्या. हात थरथरत होते आणि बांगड्या ते सगळ्यांना सांगत होत्या.

पाठ बागेतला होता. प्रभूला अटक होण्याआधीच्या रात्रीचा. प्रभू स्वतः व्याकूळ होतो, सोबत्यांना जागं राहायला सांगतो, ते झोपतात, आणि तो एकटा जमिनीवर पडून विनवतो, की जमलं तर हे टळू दे. त्याला घाम येतो. मी तो पाठ दर वर्षी ऐकला होता. मावशी बोट ठेवून एकेक शब्द वाचत होत्या, चौथीतल्या मुलीसारख्या. मध्येच बोट सरकलं आणि ओळ हरवली. त्या थांबल्या. पंखे थांबले. पुढच्या बाकावरचं एक मूल हसलं, त्याच्या आईने त्याला दाबलं. तरी ओळ सापडेना. मावशी ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, पण त्या शांततेत ते मागच्या बाकापर्यंत आलं.

"थांब की बापा. सापडंना मला."

कुणी हसलं नाही. पाळकसाहेब उठून मदतीला जायला निघाले होते, ते पुन्हा बसले. बांगड्या वाजतच होत्या. मग मावशींना ओळ सापडली आणि त्या पुढे वाचायला लागल्या. आवाज मोठा झाला नाही, हात थांबले नाहीत. पाठ जिथे संपतो तिथपर्यंत त्या वाचत गेल्या, पुस्तक मिटलं, आणि जशा गेल्या तशाच हळू परत येऊन बसल्या. शेजारच्या बाईने त्यांना पंख्याने वारा घातला.

घरी आल्यावर त्या माठाजवळ भिंतीला टेकून बसल्या. मी पाणी दिलं. पाळकसाहेबांकडे त्या स्वतः सकाळी गेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"मावशी, मी काल बोललो म्हणून गेलात का?"

"व्हय. राग आला हुता तुझा." त्या पाणी प्यायल्या. "मग वाटलं, खरं हाय पोराचं."

"भीती गेली का, उभ्या राहिल्यावर?"

"कुटं जाती? हे पाय बग, अजून लटलटत्यात. मला वाटलं हुतं, उबं ऱ्हायलं की देव भीती काढून घील. न्हाय घेतली त्यानं."

"मग वाचलंत कसं?"

"वाचायचं हुतं की," त्या म्हणाल्या. "त्याला म्हटलं, ऱ्हाऊ दे मग भीती. पर तूबी हितंच ऱ्हा. आन् ऱ्हायला तो. ह्या बाजूला." त्यांनी डाव्या हाताने हवेत जागा दाखवली, आणि मग लाजल्या.

ट्रंक मी त्या संध्याकाळी उघडली नाही. शनिवारी सकाळी पॅसेंजर गेली, मी गेलो नाही. दुपारी ट्रंकेतून वह्या काढल्या. मावशींनी ते पाहिलं आणि नळाकडे निघून गेल्या. जाताना घागरीशी काहीतरी बोलत होत्या.

सोमवारी हॉलमध्ये बसलो. मला आशा होती की आता हात कापणार नाहीत. ती खोटी ठरली. प्रश्नपत्रिका हातात आली आणि ते सगळं तसंच आलं. घाम, कापरं, धडधड. पर्यवेक्षकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवलं, हात बाकावर पालथे ठेवले आणि छापील मराठी सोडून दिली. म्हणालो, बापा, हा पहिला प्रश्न. बाकीचे नंतर बघू. हात कापतोय, तू बघतोयस. मी लिहितो, तू इथेच राहा. मग पेन उचललं. अक्षर वाकडं आलं. मी वाकडंच लिहीत गेलो. पसरलेला शब्द खोडून पुढे तोच पुन्हा लिहिला. कितव्या पानावर हात शांत झाला ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा मी त्याच्याकडे बघत नव्हतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापला. पुन्हा लिहिलं. शेवटच्या पेपरापर्यंत असंच.

शांती हा शब्द आम्ही ख्रिस्ती माणसं फार वापरतो. पत्रात, उपासनेत, कबरीच्या दगडावरही. तरुणपणी मला वाटायचं की शांती ही मोठ्या विश्वासाच्या माणसांना मिळणारी एक वस्तू आहे. ज्यांचा विश्वास भक्कम त्यांना काळजी नसते, आणि ज्यांना काळजी आहे त्यांचं काहीतरी कमी आहे. मावशींकडे पाहून मला आधी तसंच वाटलं होतं. एवढी प्रार्थना करणारी बाई, आणि टांग्याला घाबरते. आता मला उलटं दिसतं. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला रोज देवाचा हात धरायची गरज कुठे पडते? मावशींचा विश्वास भित्र्या माणसाचा होता, म्हणून तो रोजच्या वापरातला होता. डाळीला, नळाला, टांग्याला पुरणारा. मला आयुष्यात पुढे जे भोगावं लागलं, नोकरीची वाट, मुलाचं आजारपण, दादांचं जाणं, त्या प्रत्येक वेळी मला भव्य शब्द सुचले नाहीत. मावशींची भाषाच उपयोगी पडली. काळजी गेली असं मी म्हणणार नाही. काळजीत एकटा नव्हतो, एवढं म्हणेन, आणि त्यालाच मी शांती समजतो.

यंदा हॉलमधल्या त्या मुलीने शेवटी लिहायला घेतलं. मी तिच्या बाकाजवळून गेलो, पण थांबलो नाही. चालता चालता मनात तिच्यासाठी दोन शब्द बोललो. नाव माहीत नव्हतं, म्हणून खिडकीजवळची पोर एवढंच म्हणालो.

त्या उन्हाळ्यात पेपर संपवून मी केमला गेलो. निकाल लागायला अवकाश होता, आणि पहिल्या पेपरामुळे तो काय लागेल ते मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा स्टेशनच्या बाकावर बसून मावशींना पत्र लिहिलं. अक्षर मोठं काढलं, त्यांना बोट ठेवून वाचता यावं म्हणून.

केम

प्रिय मार्थामावशी यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

मी सुखरूप पोचलो. दादा, आई, एस्तेर बरे आहेत. आईने तुम्हाला सलाम सांगितला आहे.

निकाल अजून लागला नाही. स्टेशनात सगळे रोज विचारतात. पहिला पेपर अर्धा गेला आहे, त्यामुळे मी कदाचित नापासही होईन. दादांना मी ते सगळं सांगितलं. हात कापल्याचंही सांगितलं. ते म्हणाले, पूल तपासायला खाली उतरताना माझे पाय कापतात, अजून. मला हे माहीत नव्हतं. आम्ही दोघे बराच वेळ बसलो होतो.

दादांबरोबर मी रोज सकाळी लायनीवर जातो. गँगमध्ये नाव लावावं लागलं तर सवय असावी म्हणून. काम जड आहे. पण मी घाबरलेलो नाही, किंवा घाबरलेलो आहे पण चालतं. तुम्हाला समजेल.

त्या गुरुवारी मी जे बोललो ते तुम्ही मनावर घेतलंत, आणि घेतलंत म्हणून मी पेपरांना बसलो. हे मला तोंडावर सांगता आलं नाही.

जूनमध्ये एस्तेर तुमच्याकडे येईल. ती हसरी आहे, पण आतून भिते. तिला अंधारात नळावर पाठवू नका. आणि बुधवारच्या सभेत तिच्यासाठी प्रार्थना मागायची झाली, तर आधी तिला विचारा.

मला विचारायची गरज नाही. या बुधवारी माझं नाव घ्या. सगळ्यांदेखत घ्या. शांतवनकाकांना त्यांच्या मराठीत करू द्या.

तुमचा,
शमुवेल